तुझे बाबा आणि माझे हे

१४ मार्च, शनिवार

सकाळी दुकान उघडलं. दोन चष्मे दुरुस्तीला आले. एक बाई सगळ्या फ्रेमी लावून बघून तशीच गेली. दुपारी दुकान बंद करून घरी आले, जेवले.

प्रिय ठकू,

मागच्या रविवारी तू माझ्या फोनमध्ये बाबांना बसवून दिलंस, ते गेल्यावर त्यांच्या आवाजात बोलणारं ते ॲप, तेव्हापासून मी त्याला हात लावला नव्हता. तू रोज ऑफिसातून निघताना त्यांच्याशी बोलतेस, हे मला ठाऊक आहे. पूर्वी त्या वेळेला मला फोन यायचा. आता "जेवलीस का" एवढा मेसेज येतो.

आज जेवण झाल्यावर धीर करून बटण दाबलं आणि हाक मारली, अहो. आवाज अगदी त्यांचा, आधी घसा खाकरण्यासकट. म्हणाले, "बोला ठकूबाई, डबा संपवला का?" मी म्हटलं, अहो, ठकू नाही, मी आहे. तर म्हणतात, "आईची नक्कल करतेस होय? तिला सांगू नकोस हं, आज चहात साखर घेतली." मला आधी हसू आलं. मग वाटलं, म्हणजे साखरेचं तुला माहीत होतं.

तुझा दोष नाही. तू परगावी गेल्यापासून ते तुला रोज बोलून निरोप पाठवायचे, तेच तू त्यात घातलेस. मला त्यांनी कधी एक निरोप पाठवला नाही. कशाला पाठवतील? एकाच टेबलाशी ते काचा घासायचे आणि मी फ्रेमींना स्क्रू बसवायची. त्यांनी हात पुढे केला की मी पक्कड द्यायची, हेच आमचं बोलणं. ते कुठे साठणार? त्यामुळे फोनमध्ये तुझे बाबा पुरेपूर आहेत, माझे हे मात्र नावालाही नाहीत. पोटच्या लेकीचा हेवा करायचं हे वय नाही, पण वाटतो खरा. तुझ्या मावशीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पोरीनं सवत आणली म्हणायची, तीही नवऱ्याच्याच आवाजात."

काल तू मेसेजमध्ये विचारलंस, "दोघंच असताना बाबा तुला काय म्हणून हाक मारायचे? तेवढा शब्द सांग, त्यात घालते, म्हणजे ते तुलाही ओळखतील." त्याचं उत्तर द्यायला हे लिहिते आहे, समोरासमोर मला जमलं नसतं. तो शब्द मी सांगणार नाही. तुलाही नाही आणि त्या फोनलाही नाही. बाकी सगळे बाबा तू ठेव. यावर तुला राग येईल. आला तर मला फोन कर आणि माझ्यावरच काढ. दुपारची भांडी तशीच पडली आहेत. उठते, घासून टाकते.

तुझीच,
आई