मी शोधलेल्या चुंबकाची खरी हकिगत

तीर्थरूप मावशीस,

भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो ना? मी बरी आहे (म्हणजे शरीराने).

मी नवा चुंबक शोधला, हे तू इमारतीत घरोघरी जाऊन सांगितलंस, असं आई म्हणाली. (लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा? त्याने काय घोडं मारलं होतं?) तेव्हा खरी हकिगत तुला आधी कळलेली बरी.

मँगनीजच्या ऑक्साइडचा हा स्फटिक मी आरशांच्या भट्टीत (आरसे दिव्याचा उजेड एका ठिपक्यावर आणून कांडी वितळवतात) तीन आठवडे खपून वाढवला. आकार तांदळाच्या दाण्याएवढा (हसू नकोस), पण आत शिस्त अशी की बघत राहावं. एका अणूवरचा इलेक्ट्रॉनचा लांबट ढग आडवा, तर शेजाऱ्याचा त्याला काटकोनात, आणि या मांडणीवरच ठरतं, कुणाचं चुंबकत्व कुठे तोंड करणार. ते मोजायला स्फटिक यंत्रात घातला, तर गार न करताच आकडे उसळले! अशा स्फटिकात गार केल्याशिवाय चुंबकत्व आजवर दिसलं नव्हतं. माझे मार्गदर्शक सर व्हरांड्यातून धावतच संचालकांकडे गेले. मी आईला फोन केला. पुढचं तू केलंस.

चौथ्या दिवशी कार्यशाळेतले काका स्क्रू द्यायला आले. माझा चिमटा उचलून म्हणाले, "ताई, हा पोलादी आहे. याने स्फटिक धरता?"

"मग काय बोटांनी धरू?"

काका नुसतं "बरं" म्हणून गेले. त्या "बरं"ने मला जागेवर बसू दिलं नाही. स्फटिक आम्लात बुचकळला, प्लास्टिकच्या चिमट्याने उचलला, पुन्हा मोजला. चुंबकत्व गुल! ते सगळं स्फटिकाला चिकटलेल्या, चिमट्याच्या पोलादी किसाचं होतं. आधी रडू आलं, मग भूक लागली, मग जेवताना पुन्हा रडू आलं.

शेवटी खूप गार केल्यावर स्फटिकाने स्वतःचा स्वभाव दाखवला. एका थरातले सगळे अणू एकीकडे तोंड करून, वरच्या थरातले बरोबर उलट, बेरीज शून्य. घरात एवढं राजकारण आणि बाहेर टाचणीही हलत नाही! (तुझी आणि आईची आठवण झाली.) हे मात्र पुस्तकांत फार पूर्वीच छापून आलं आहे.

असो. चूक कबूल करायला कसली आली लाज? संशोधकाला खरं बोलता आलं पाहिजे. स्पष्ट, तोंडावर, न घाबरता.

तुझी लाडकी भाची

ता. क. इमारतीत इतक्यात काही बोलू नकोस.

आणखी ता. क. सरांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या सोमवारी परिषदेत याच चुंबकावर त्यांचं भाषण आहे. काल बोलताबोलता कळलं, सातवीत तू त्यांना विज्ञान शिकवायचीस. तुझं नाव निघताच त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. सकाळी नऊला ते एकटेच असतात.