दाराआडून दहापर्यंत

तीर्थरूप आईला,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर. उगाच काळजी करत बसू नकोस.

मी घेते तो व्यायामाचा वर्ग बरा चाललाय. खोकताना, हसताना लघवी सुटते अशा तुझ्याच वयाच्या बायका येतात. खुर्चीवर बसून व्यायाम असतो: लघवी रोखल्यासारखं आत आवळायचं, दहापर्यंत मोजायचं, मग सोडायचं. पहिल्या दिवशी लाजून चूर होतात, नंतर मलाच लाजवतात.

मागच्या महिन्यात वर्ग संपल्यावर एक खुर्ची ओली दिसली. तिच्यावर बसलेल्या शिवणवाल्या काकू नंतर आल्याच नाहीत. खुर्ची धुऊन वाळवली, तरी तिच्यावर कुणी बसत नाही. मी काकूंच्या घरी गेले, तर दार उघडेनात. आतूनच म्हणाल्या, "मी बरी आहे गं. गुडघे दुखतात, बाकी काही नाही."

आई, तो आवाज कानातून जात नाही. फोनवर तू अगदी तसंच बोलतेस. दादा म्हणाला, तू हल्ली मावशीकडेही जात नाहीस, गुडघ्यांमुळे. दुपारनंतर पाणी पितेस ना?

काल वर्गातल्या बायका म्हणाल्या, "आज वर्ग शिवणवालीच्या दारात." सगळ्या जिन्यावर बसलो. मी मोजायला लागले. चारपर्यंत आमचेच आवाज होते. पाचला दाराआडून एक बारीक आवाज मिसळला, तो दहापर्यंत राहिला. दार मात्र उघडलं नाही.

रविवारी फोन करीन. गुडघ्यांचं विचारणार नाही. तूही काही सांगू नकोस. मी मोजेन, तू पाचपासून ये.

तुझी,
धाकटी