भोपाळ–मुंबई, दीड तास

९ जाने.
रिटायर होऊन दहा दिवस. भोपाळच्या टाउनशिपमधलं कारखान्याचं क्वार्टर मार्चअखेर सोडायचं. निखिलचा मुंबईहून फोन, तेच पुन्हा: "बाबा, तुम्हा दोघांना इकडे घेऊनच येणार. आणि भोपाळ काय लांब आहे? दीड तासाचं फ्लाइट! आठवण आली की जाऊन या." सुमन खूश. मुंबईच्या खिडक्या न बघताच पडद्यांसाठी टेप घेऊन बसली. मुलाबद्दल बायकोचं असंच असतं. मी मात्र कारखान्यात इन्स्पेक्शनला जन्म काढलेला माणूस. न विचारता कुणी 'सगळं ओके' म्हणालं, की मला आधी माप घ्यायला गेज लागतो.

१७ जाने.
संध्याकाळी खिडकीत उभा राहून निखिलला फोन लावला. "ऑफिसात आहे बाबा, बोला." बोलता बोलता कारखान्याचा सुटीचा भोंगा झाला. एका कानात खिडकीतून. दुसऱ्यात फोनमधून, जरा मागून.
"कसला आवाज रे?"
"कुठे? मीटिंग आहे, नंतर करतो."
सुमन म्हणते, खिडकीतलाच आवाज फोनमध्ये घुमला असेल. असेल.

१८ जाने.
तीच खिडकी, तीच वेळ. नागपूरला ताईला फोन लावला. भोंगा एकदाच ऐकू आला. ताई वैतागली, "बोल ना रे, नुसता फोन धरून काय बसलायस?"
तर मग काल...

२३ जाने.
शेजारचे शर्माजी भाजी घेताना म्हणाले, "बेटा आया हुआ है क्या? शाहपुरा में देखा था, ब्रोकर के साथ मकान देख रहा था. आवाज़ दी, सुना ही नहीं."
शाहपुरा भोपाळातच, भोंगा पोचेल इतकं जवळ. म्हणजे आमची सोय इथेच. ते दीड तासाचं फ्लाइट आम्हाला जाऊन यायला, की त्याला न यायची सबब? वाईट वाटलं. राग नंतर आला. की त्याची नोकरीच गेली, आणि तोच परत येतोय? कुठूनही धरलं तरी माप बसत नाही. सुमनला बोललो नाही.

३१ जाने.
निखिल आला. ४.१० ला फोन: "बोर्डिंग सुरू आहे." ५.२० ला दारात हजर. दीड तास विमान, वर एअरपोर्टपासून टाउनशिपपर्यंत तास. "फ्लाइट लवकर पोचलं, बाबा." बुटांवर भिंतीच्या डिस्टेंपरचे पांढरे शिंतोडे. मी पुसायला फडकं दिलं, त्यानं घेतलं, पुसले.
जेवताना आईला विचारलं, "ओटा किती उंच लागतो गं तुला?" तिनं हात धरून दाखवला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

२ फेब्रु.
सकाळी निखिल 'विमानानं' गेला. संध्याकाळी भोंग्याला पाच मिनिटं असताना फोन लावला. आज खिडकी लावून घेतली.
"पोचलास?"
"केव्हाच. घरीच आहे, बाबा."
मुद्दाम बोलत राहिलो. तिकडचं पाणी, डास, सूनबाईंची सर्दी. तोही उत्तरं देत होता. एक मिनिट राहिलं तेव्हा सुमन स्वयंपाकघरातून आली. घड्याळ पाहिलं. माझ्या हातातून फोन घेतला.
"वेळेवर जेव रे," म्हणाली आणि कट केला.
बंद खिडकीतून भोंगा ऐकू आला. पूर्ण होईपर्यंत दोघं उभे होतो.
"हे काय केलंस?"
"तो स्वतः सांगेपर्यंत मुंबईतच आहे," सुमन म्हणाली. टेबलावरची पडद्यांची टेप गुंडाळून तिनं खणात ठेवून दिली.