मजकूर वाचून दाखविला, कबूल

९ जाने. १९६२
कचेरीसमोर बसून अर्ज लिहिण्यात तीस वर्षं गेली, पण आज चुकलो. केळापूर रस्त्यावरच्या वस्तीतली सखूबाई विहिरीसाठी अर्ज घेऊन आली. कापसाच्या जिनात कामाला जाते. उन्हाळाभर वस्ती नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी पिते. सवयीनं तिची जुनी जात लिहिली. वाचून दाखवल्यावर म्हणाली, "ते खोडा मुन्शीजी. बौद्ध लिवा." नवा कागद घेतला.

११ फेब्रु.
सकाळपासून भोंगा. भाऊसाहेब निवडणुकीला उभे आहेत. जीप जिनवाल्या सेठजींची, पेट्रोल सेठजींचं, पाट्या सेठजींच्या. तोंड तेवढं भाऊसाहेबांचं.

३ मार्च
भाऊसाहेब आले निवडून. मिरवणुकीत गळ्यातला हार काढून सेठजींना घातला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, काय करता!

२६ मार्च
वस्तीची विहीर मंजूर! सखूबाई गूळ देऊन गेली. "तुमच्या अक्षराले गुण हाये." लय बरं वाटलं. खरंच.

८ एप्रिल
सेठजींकडे गेलो होतो, बोलावणं होतं. भाऊसाहेब तिथंच गादीवर. सेठजींना वस्तीची विहीर जिनाच्या आवारात पाहिजे. भा.सा. म्हणाले, "मागणी लोकांचीच दिसली पाहिजे." म्हणजे अर्ज मी लिहायचा, खाली 'समस्त वस्तीकर'.
म्हटलं, काहून पण? त्या लोकांनी तर—
सेठजी गोड आवाजात, "तुमच्या वसंताच्या नोकरीचं काय झालं हो?"
बस्स. एवढंच. ना लाच, ना दमदाटी. पोरगा दोन वर्षं घरी बसून आहे.
लिहिला.

१० एप्रिल
जिनाच्या फाटकावर अंगठे घेतले. सखूबाईनं विचारलं, "आपल्या विहिरीचाच हाये ना?" म्हटलं, हो, विहिरीचाच. खोटं कुठं बोललो? मग नेहमीची ओळ: 'मजकूर वाचून दाखविला, कबूल.' वाचला नव्हता. माझ्या अकलेवर आणि अक्षरावर थू.

२८ एप्रिल
वसंताला नोकरीचा हुकूम आला. सोमवारी, ७ तारखेला रुजू. हिनं आळीत पेढे वाटले. वस्तीत विहिरीच्या खुणेचे दगड रोवले होते, ते आजच उपटून नेले म्हणतात. जिनात खोदकाम सुरू.
लोकांचं राज्य! लोकांचे अंगठे, एवढंच.

७ मे
वसंता नवा सदरा घालून गेला. पाया पडला. आशीर्वाद देताना मी मान फिरवली. हिला वाटलं, आनंदानं.

९ मे
सखूबाई भर उन्हात आली. झिरा आटला. बाया दोन कोसांवरून पाणी आणून राह्यल्या. कचेरीतल्या सायबाकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, तुम्हीच तर अंगठे दिले.
"आमी असं कायले लिवून देऊ? येडे हाओ का आमी?"
मी टाकाचं टोक पुसत बसलो.
उद्या सकाळी अकरा वाजता कचेरीत चौकशी. भा.सा. आणि सेठजीही येणार. वसंताचा साहेब भा.सां.च्या मुठीत आहे, हे कोणी मला सांगायला नको.
ती उठता उठता म्हणाली, "मले समजलं, मुन्शीजी. तुमी बराबर लिवलं होतं. सेठनंच कागद बदलला असन. मी सायबाले सांगून आली, माहे साक्षीदार मुन्शीजी. ते खोटं बोलत नाहीत."