इस्त्रीच्या खोलीतले तीन महिने

२० फेब्रुवारी, सकाळी ९
आजपासून रोज डायरी. खोटं लिहायचं नाही. वाचणारा मीच, मग कुणाला फसवायचं?
बातमी: महिला दिनाचा कार्यक्रम माझ्याकडे आला. आमच्या बिझनेस स्कूलमध्ये सतरा बायका शिकवतात, पण कोण करेल असं डायरेक्टर मॅडमनी विचारल्याबरोबर पहिला हात माझा वर. मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. कौतुकाने असणार.

२१ फेब्रुवारी
प्रमुख पाहुणी ठरली. मंत्रीबिंत्री नको. माझ्या गाजलेल्या केस स्टडीतल्या लाँड्रीवाल्या बाई! हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या चाळीस बायकांची कंपनी उभी केली त्यांनी. ती केस मी अकरा वर्षं वर्गात शिकवतोय. 'अबलांची भरारी'. नाव माझं. म्हणजे शीर्षक मी दिलं, आणि लेखक म्हणूनही माझंच नाव आहे.
फोन केला. लगेच हो म्हणाल्या. मी कोण ते दोनदा सांगावं लागलं. लाइन खराब असावी.

२४ फेब्रुवारी
ज्युनिअर केबिनमध्ये आली होती. (आता असोसिएट प्रोफेसर आहे. पूर्वी माझी रिसर्च असिस्टंट होती, म्हणून तोंडात तेच बसलंय.) चौदा मार्चला तिचा प्रोफेसरपदाचा इंटरव्ह्यू. एक प्रकाशन कमी पडतंय. लाँड्रीची केस तिने लिहिली, एवढं पत्रात लिहून द्याल का सर, असं विचारत होती. मी म्हटलं, आधी कार्यक्रम, मग बघू. बरं सर म्हणाली.
एकदम घाम फुटला. एसी बिघडलाय. तक्रार करणे.

दुपार: केस काढून पाहिली. आभारात तिचं नाव आहे की! 'टंकलेखन व इतर साहाय्य', झेरॉक्सवाल्याच्या खाली. म्हणजे अन्याय वगैरे काही झालेला नाही. आता तीन महिने लाँड्रीत जाऊन बसणं, मुलाखती घेणं आणि अख्खी केस लिहिणं हे सगळं 'इतर' मध्ये आलं खरं. जरा मोघम शब्द आहे.
केस कपाटात, अगदी तळाशी ठेवली.

१ मार्च
स्वागताचं भाषण तयार. बायकोला वाचून दाखवलं. 'इस्त्रीच्या खोलीतल्या वाफेत मी तीन महिने बसलो, तेव्हा कुठे मला नेतृत्व कळलं' या वाक्याला थांबवलं तिने. म्हणाली, अहो, त्या तीन महिन्यांत तुम्ही बाल्कनीतल्या कुंड्या रंगवत होतात. मी म्हटलं, संशोधनाच्या अनेक पद्धती असतात. ती म्हणाली, असतील बाई, आणि चहाचे कप उचलून गेली.
वाक्य ठेवलंय. ओघ चांगला आहे.

५ मार्च
कॉरिडॉरमध्ये समोरून ज्युनिअर. मी नोटीस बोर्ड वाचायला लागलो. ती मागे येऊन थांबली. बोर्डावर एकच नोटीस, तीही लेडीज हॉस्टेलच्या गीझरची. चार वेळा वाचली. ती हळूच म्हणाली, सर, तेराला द्यावं लागेल पत्र. मी मान डोलावली, गीझरकडे बघत.
लाज वाटली. लिहून टाकतो, वाटली.
संकल्प: आठ तारखेनंतर पत्र. नक्की.

८ मार्च, सकाळी ८
नवा कोट. हॉल भरणार. आज माझा दिवस. म्हणजे महिलांचा.

८ मार्च, दुपारी ४
शी.
लाँड्रीवाल्या बाई आल्या. मी हात जोडून दारात उभा. त्या नमस्कार करून माझ्या बाजूने पुढे गेल्या आणि थेट ज्युनिअरला मिठी मारली. आमची पोरगी, आमच्यासोबत चादरींच्या घड्या घालायची, असं सगळ्यांना सांगत सुटल्या. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. ते वाक्य भाषणातून काढता आलं असतं. नाही काढलं. उलट 'वाफेत' वर जोर दिला.
मग त्या बोलायला उभ्या राहिल्या. म्हणाल्या, साहेबांचं काहीतरी चुकतंय. इस्त्रीच्या खोलीत आम्ही बापयाला पाऊल टाकू देत नाही. उकाड्यात बायका मोकळ्या होऊन काम करतात. माझा नवरासुद्धा डबा दाराबाहेर ठेवून जातो, तुम्ही तीन महिने कुठे बसलात?
अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेत मॅडम हसत नव्हत्या. ते जास्त वाईट.
बाईंनी केसची प्रतही आणली होती. म्हणाल्या, आतलं अक्षर न् अक्षर खरं आहे, फक्त वरचं नाव खटकतं. अबला कोण हो? ओली चादर उचलून बघा एकदा.
मी भाषणाचे कागद उलटेपालटे करायला लागलो. तेवढ्यात ज्युनिअर उठली, माइक घेतला आणि म्हणाली, सरांना 'मी' नाही, 'आमची टीम' म्हणायचं होतं.
तिने मला वाचवलं. एका वाक्यात ती मला उघडं पाडू शकत होती, आणि तिने वाचवलं. खुर्चीसकट जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

९ मार्च
रजा. कारण: पोट. बायकोने औषध दिलं नाही, म्हणाली, ते पोटाचं नाही.

११ मार्च
पत्राचा मसुदा. 'मोलाचा सहभाग'. खोडलं. 'सहलेखिका'. बरं दिसतंय. बायकोला दाखवलं. ती बाल्कनीतल्या कुंड्यांकडे बघत राहिली.
खोडलं.

१३ मार्च, सकाळी ११
पत्र घेऊन तिच्या केबिनमध्ये गेलो. पहिल्यांदाच गेलो. अकरा वर्षांत तीच माझ्याकडे यायची. पत्रात सरळ लिहिलंय: ही केस पूर्णपणे यांची, लेखक म्हणून माझं नाव काढावं.
तिने दोनदा वाचलं. डोळे पुसले की चष्मा, मी बघितलं नाही. मग म्हणाली, सर, नव्या आवृत्तीत आभारात तुमचं नाव घालते. काय केलंत म्हणून लिहू?
मी म्हटलं, शीर्षक.
ती म्हणाली, ते बदललंय सर, बाईंनी सांगितलं म्हणून.
पेन उघडं धरून ती थांबली. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. मीही खरंच आठवून पाहिलं. तीन महिने. कुंड्या सोडून काही आठवेना.
म्हटलं, राहू द्या, काही लिहू नका.
ती बरं सर म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं.