निळी राहायला हवी ती नळी

सोमवार, ३ मार्च
चौक गावच्या धर्मादाय दवाखान्यात आज लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालो. खोली हवेशीर, समोरच ढाबा. म्हणजे चहाची ददात मिटली. डॉक्टर हर्षलाबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण काका म्हणून मान देतात. दमट हवेत तपासणीच्या पट्ट्या खराब होतात, म्हणून इथे लघवीतली साखर अजून बेनेडिक्टच्या द्रावणानेच बघतात. ते मी स्वतः बनवतो: मोरचूद, सोडा, सायट्रेट. शाळा दहावीपर्यंतच, बाकी सगळं पुस्तकं वाचून शिकलो. पाच मिली द्रावण, आठ थेंब लघवी, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर वाढेल तसं हिरवं, पिवळं, नारिंगी, शेवटी विटकरी. शेजारी साध्या पाण्याची एक नळी ठेवतोच. ती निळी, तर माझं काम चोख.
झाडलोट करणाऱ्या विमलबाई म्हणाल्या, तुमच्या जागी आधी असलेले तात्याही ती नळी लावायचे, मग सोडून दिलं. कामचुकार असणार.

गुरुवार, ६ मार्च
पाण्याची नळी हिरवट आली. काच पुन्हा धुतली, शिळफाट्यावरून नवं मोरचूद आणलं, शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली फोडली. पुन्हा हिरवट. वहीत मात्र 'निळी' लिहिलं. तीस वर्षांतली पहिली खोटी नोंद. थकवा फार आहे. दोन पायऱ्या चढलो तर बसावं लागलं.

मंगळवार, ११ मार्च
आज पिवळी. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. विमलबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, तात्यांनी तीन पाडली होती.
मलाच मधुमेह जडला असेल म्हणून स्वतःची लघवी तपासली. स्वच्छ निळी. हर्षलाबाईंनी बोट टोचून रक्त बघितलं तर साखर फारच कमी. त्या रागावल्या, समोर बसवून गुळाचा मोठा खडा खायला लावला. अर्ध्या तासाने पाण्याची नळी पुन्हा लावली. नारिंगी.
गूळ मी खाल्ला होता.

शनिवार, १५ मार्च
नळ्यांच्या स्टँडवर मुंग्यांची रांग. शेजारी गुळाचा डबा उघडा, त्याला एकही मुंगी नाही. रोज पाव किलो गूळ खातो, अंगाला लागत नाही. विमलबाईंना म्हटलं, उद्यापासून ती नळीच लावत नाही. त्या फडकं पिळत राहिल्या.
"भाऊ, तात्यांनी नळी सोडली हुती. नळीनं तात्यांना नाय सोडलं."
तात्या वाळत वाळत खुंटीवरच्या झग्याएवढे उरले, मग गेले. एवढं सांगून त्या फरशी पुसायला लागल्या.

सोमवार, १७ मार्च
पाण्याची नळी लावली नाही. स्पिरिटचा दिवाही पेटवला नाही. दुपारी जेवून आलो तर स्टँडमध्ये एक उभी — गरम. विटकरी. ओतून दिली. मोरीतून मुंग्या —
पेन जड वाटतं.

मंगळवार, १८ मार्च
सकाळी दोन नळ्या. मी लावल्या नाहीत. दोन्ही विटकरी.
नखं निळी. हर्षलाबाई म्हणतात, थंडीने असेल. मार्चात —
त्यांनी पुन्हा बोट टोचलं. बराच वेळ काही आलंच नाही. मग दाबलं. थेंब आला. त्या मला म्हणाल्या, बोटाकडे बघू नका. बघितलं. तीस वर्षं रंग वाचतोय, माझी चूक होत नाही. थेंबाचा रंग