जिन्यावरचा खोकला

प्रिय ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस, ह्यांच्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला मी एकटीच जाणार, सोबत कुणी नको. मी बरं म्हणून फोन ठेवला. तुझ्यापुढे माझं कधी काही चाललंय? पण ते मला पटलेलं नाही. फोनवर बोलले असते तर मी रडले असते आणि तू मलाच समजावत बसली असतीस, म्हणून लिहायला बसले.

भावजींचा हा शेवटचा सिनेमा गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात आला. सिनेमा कोणत्या वयाच्या माणसांनी पाहावा ते ठरवायचं आणि खाली सूचनेची एक ओळ लिहायची, शिव्या आहेत, मारामारी आहे, सिगारेट आहे, असली. माझं काम तुला ठाऊकच आहे. भावजी चिडवायचे, आम्ही मरमर मरून हसवायचं आणि हिने पगार घेऊन हसायचं. घरचं माणूस पडद्यावर असलं की निकालात आम्ही भाग घ्यायचा नाही, असा नियम आहे. तसं मी साहेबांना आधीच सांगितलं आणि नुसती बघायला मागच्या रांगेत जाऊन बसले.

त्यात ते घरमालक झालेत. जिना मोडकळीला आलाय आणि भाडेकरूंनी दुरुस्तीचं नाव काढलं की हे महाशय आजारी पडतात. त्यांचा तो खोटा खोकला गं, आधी बारीक, मग मोठा, मग हळूच एक डोळा उघडून बघणार, समोरच्याला दया आली का. आपल्या पोरांना जेवताना करून दाखवायचे, तोच. आमच्या खोलीत सगळ्यांची हसून हसून पोटं दुखायला लागली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मध्यंतरानंतर ते तोच जिना चढतात, वर भाडेकरूची मुलगी उभी असते आणि ते खोकतात. परत सगळे हसले. मीसुद्धा हसले, चांगली मोठ्याने. मग त्यांनी कठड्याला घट्ट धरलेला हात दिसला. या वेळी डोळा उघडून बघणं नव्हतं. हा खोकला मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा भिंतीपलीकडून ऐकला होता. तू तर तो कित्येक महिने उशाशी ऐकलास.

निकाल लागला, सर्वांनी पाहण्याजोगा. सूचना काय, तर एक-दोन सौम्य शिव्या आणि धूम्रपान. मला राहवलं नाही. आजारपणाचं दृश्य आहे एवढं तरी लिहा, असं मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, आजारी कोण आहे, सोंग करतोय तो, म्हणून तर मजा आहे. त्यांचं काही चुकत नव्हतं. ती ओळ सगळ्यांसाठी असते, एकट्या बाईसाठी नसते. भावजींनाही तो हशा ऐकून बरंच वाटलं असतं म्हणा. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला. आज तब्येत बरी नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं त्यांना?

लहानपणी तू मैत्रिणींबरोबर सिनेमा आधी बघून यायचीस आणि मग मला न्यायचीस. भीतीचं काही यायच्या आत तुझा तळहात माझ्या डोळ्यांवर. काहीच दिसत नाही म्हणून मी भोकाड पसरायचे, मग तू बोटांत जराशी फट ठेवायचीस. त्या फटीतून मी डोळे वटारून बघायचे, म्हणून तर घुबड हे नाव पाडलंस.

ताई, यावेळी सिनेमा मी आधी बघून आलेय. मध्यंतरानंतर ती मुलगी कुंडीला पाणी घालताना दिसली की समज, जिना आला. तुझ्या चहूबाजूंनी लोक हसतील. त्या हसण्यात तुला एकटीला मी बसू देणार नाही. तू कितीही नको म्हण, शेजारच्या खुर्चीत मी असेन. डोळे उघडेच ठेव, त्यांना पोटभर बघून घे. मी तुझे कान झाकीन. आणि त्यांचा आवाज ऐकावासा वाटलाच, तर बोटांत जराशी फट ठेवीन.

तुझीच,
घुबड